साताऱ्यातले ओढे: डोंगरातल्या झऱ्यापासून वेण्णेपर्यंत

वळवाचा जोरदार पाऊस झाला की साताऱ्याच्या जुन्या पेठांत पाणी रस्त्यावर येतं आणि नाले तुंबल्याची ओरड सुरू होते. यातले बरेच नाले मुळात अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या अंगावरच्या झऱ्यांतून निघालेले ओढे आहेत. जुना सातारा याच डोंगरांच्या पाण्याच्या भरवशावर वसला, म्हणून त्यांची कूळकथा सांगायला हवी.

हे डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काही थर सच्छिद्र, भेगाळलेले. त्यांत पाणी मुरतं. मध्येच घट्ट काळा पाषाण किंवा दोन थरांमधली भाजलेली तांबडी माती लागते. तिथं पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उताराला फट मिळेल तिथून बाहेर पडतं. त्यामुळे झरे साधारण एकाच पातळीला, ओळीनं सापडतात. कातळाच्या बेचक्यात तांबूस चिखल, त्यावर नेचे, दगड उचलला तर खाली खेकडा. भोवतालचं गवत वाळून पिवळं पडलं तरी तेवढा पट्टा हिरवा राहतो.

१७०८ मध्ये अजिंक्यतारा किल्ल्यावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे पायथ्याला पेठा वसत गेल्या. नदी खाली, लांब. पाणी मात्र डोंगरात, डोक्यावर. मग यवतेश्वरच्या बाजूचं पाणी खापरी नळांनी गावात आणलं गेलं. भाजलेल्या मातीचे हे नळ एकाच्या तोंडात दुसरा असे बसवलेले. उपसा नाही, पंप नाही. निव्वळ उताराच्या जोरावर पाणी हौदात पडायचं. महादरे, मंगळवार तळं, मोती तळं ही सगळी याच शहाणपणाची लेकरं. पुढे कास तलावाचं पाणीसुद्धा असंच, पाटानं, उतारावरून आलं. ज्यांनी ही पातळी साधली त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटतो.

घरोघरी नळ आले आणि ओढ्याकडे बघायची गरज संपली. वस्ती उतारावर चढली. झऱ्याच्या वरच्या अंगाला फरशी आणि काँक्रीट पडलं की मुरणारं पाणी घटतं, आणि तेच पाणी घटकाभरात ओढ्यात येऊन आदळतं. एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं. ओढ्याचं पात्र मात्र भिंतींनी आवळलेलं, कुठं वरून स्लॅब टाकलेला, आत सांडपाण्याचे पाइप सोडलेले. वर निर्मळ निघालेलं पाणी पहिल्या पाइपाशीच नासतं, ही गोष्ट मनाला फार लागते.

खासगी मालकी सिद्ध नसेल तर नद्या, ओढे, नाले सरकारी मालमत्ता ठरतात, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये आहे. म्हणजे पात्रात घुसलेली भिंत हा दोन शेजाऱ्यांमधला वाद नाही. गाळ दरवर्षी काढावाच लागेल. पण आधी वरची झऱ्यांची ओळ नकाशावर आली पाहिजे आणि सांडपाणी ओढ्यातून वेगळं झालं पाहिजे. कारण हे पाणी साताऱ्यात थांबत नाही: ते वेण्णा नदीला मिळतं, वेण्णा संगम माहुलीला कृष्णेला, आणि तीच कृष्णा पुढे कऱ्हाड, सांगलीची तहान भागवते.