बेत्तिन्यी, लुईझ द

(१५ जुलै १८८० – २७ सप्टेंबर १९१८). पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील उत्तर फ्रान्समध्ये ब्रिटिशांसाठी हेरजाळे उभारणारी फ्रेंच स्त्री. ‘ॲलिस द्यूब्वा’ या तिच्या टोपणनावावरून हे जाळे ‘ॲलिस’ म्हणून ओळखले जाते; ‘रॅम्बल’ असेही त्याचे नाव आढळते. बेल्जियममध्ये मृत्युदंड झालेली ब्रिटिश परिचारिका एडिथ कॅव्हल आणि फ्रेंचांनी गोळ्या घातलेली माता हारी या दोघींची नावे जगभर राहिली. लुईझचे नाव मात्र लील शहर आणि त्याच्या परिसरापलीकडे फारसे उरले नाही.

तिचा जन्म बेल्जियमच्या सीमेजवळील सँतामाँ-लेझ-ओ या गावी झाला. घराणे खानदानी, धंदा चिनी मातीच्या भांड्यांचा. पण वडील आंरी यांच्या काळात तो बसला आणि १९०३ मध्ये ते वारले. लुईझचे काही शिक्षण इंग्लंडमध्ये उर्सुलाइन जोगिणींकडे झाले, पुढे लीलच्या विद्यापीठात. उपजीविकेसाठी तिने इटलीत आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत उमरावांच्या मुलांना शिकविण्याची नोकरी केली आणि फ्रेंचखेरीज इंग्रजी, जर्मन व इटालियन या भाषा कमावल्या. ऑस्ट्रिया-हंगेरीचा राजगादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याच्या मुलांची शिक्षिका होण्याचे बोलावणे तिने नाकारले, अशी एक कथा चरित्रांतून येते. सारायेव्होत झालेल्या आणि महायुद्धाचे निमित्त ठरलेल्या त्याच्या खुनाशी धागा जुळत असल्याने चरित्रकारांना ती सोडवत नाही. या कथेवर फार भार टाकू नये.

लीलने १२ ऑक्टोबर १९१४ रोजी सायंकाळी शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी जर्मन सैन्य शहरात आले. संदर्भग्रंथांत दोन तारखा दिसतात त्या यामुळे. त्यानंतर चार वर्षे आघाडीची रेषा शहराच्या पश्चिमेस जेमतेम १५ किमी.वर थबकून राहिली. लील, रूबे आणि तूरक्वें ही जोड-शहरे त्यामुळे जर्मन पिछाडीचे थेट अंगण बनली : इस्पितळे, दारूगोळ्याची कोठारे, सैनिकांची विश्रांतिस्थाने, रेल्वेची आवारे. रहिवाशांवर ओळखपत्रे, प्रवासाचे परवाने, सामूहिक दंड, ओलीस आणि जप्ती यांचा जाच होता. उत्तर फ्रान्समध्ये निरोप्या कबुतरांचा षौक घरोघरी असे. कबूतर बाळगणे हा आता प्राणावर बेतणारा गुन्हा ठरला. एप्रिल १९१६ मध्ये या तीन शहरांतून सु. २०,००० लोकांना, त्यांत मोठ्या संख्येने तरुण मुलींना, शेतकामासाठी सक्तीने नेण्यात आले. पण तोवर लुईझ तुरुंगात होती.

शहराच्या पश्चिमेकडील आघाडीचा काही भाग १९१४-१५ मध्ये हिंदुस्थानी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजनांकडे होता. लीलच्या नैर्ऋत्येस असलेल्या नव्ह शापेल येथे २८ ऑक्टोबर १९१४ च्या हल्ल्यात पुण्याजवळील खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंता दलाच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांचे जवळजवळ सर्व अधिकारी जायबंदी झाले किंवा पडले. मार्च १९१५ च्या लढाईतही हिंदुस्थानी पलटणी याच गावासमोर होत्या. ॲलिस जाळ्याच्या बातम्या प्रामुख्याने याच ब्रिटिश विभागाच्या उपयोगाच्या होत्या.

भरती. लील सोडून ती इंग्लंडला कधी पोहोचली, याच्या तारखा १९१४ ची अखेर ते फेब्रुवारी १९१५ अशा वेगवेगळ्या दिल्या जातात. १९१५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जाळ्याची उभारणी सुरू झाली असे मानणे सयुक्तिक दिसते. फोकस्टन या बंदरात ब्रिटिश, फ्रेंच आणि बेल्जियन हेरखात्यांचे संयुक्त कार्यालय होते. तेथील ब्रिटिश शाखेचा प्रमुख मेजर सेसिल कॅमेरॉन याने तिला निवडले. (हा गृहस्थ युद्धापूर्वी मोत्यांच्या हाराच्या विम्यावरून झालेल्या फसवणुकीच्या खटल्यात शिक्षा भोगून आलेला होता, हेरखात्याने त्याचा बाऊ केला नाही.) तिच्यासाठी फ्रेंच खातेही उत्सुक होते. ती ब्रिटिशांकडे गेल्याने पुढे फ्रेंच लष्करी दप्तरांत तिच्या कामाचा माग तुटक राहिला आणि तिच्याविषयीच्या बऱ्याच वादांचे मूळ या तुटकपणात आहे.

तिची उजवा हात मारी-लेओनी व्हानूत, टोपणनाव ‘शार्लोत’, ही रूबेची. जाळ्यात किती माणसे होती, यावर ८० ते १०० असा आकडा सामान्यतः दिला जातो. त्यांत दुकानदार, पाद्री, डॉक्टर, रेल्वे कामगार आणि गृहिणी होत्या. लीलभोवतालचा सु. ४० किमी. लांबीचा आघाडीचा पट्टा त्यांच्या नजरेखाली होता.

कार्यपद्धती. जाळ्याचे मुख्य काम रेल्वेची टेहळणी. एक डिव्हिजन हलवायची तर कित्येक डझन गाड्या लागत, आणि त्या ठराविक अंतराने दिवसरात्र धावत. गाडीत प्रवासी डबे किती (अधिकारी), बंद मालडबे किती (सैनिक व घोडे), उघड्या वाघिणी किती (तोफा व गाडे) हे मोजले आणि दिशा व वेळ टिपली, की कोणती तुकडी कोठून कोठे निघाली याचा अंदाज करता येई. एकट्या ठाण्याच्या नोंदीला फारशी किंमत नसते; एकाच मार्गावरील दोन-तीन ठाण्यांच्या नोंदी जुळल्या तरच ती बातमी. म्हणूनच टेहळणीत खाडा पडून चालत नसे, आणि रुळांकडे खिडकी असलेल्या घरात कायम राहणाऱ्या बायका, म्हातारी माणसे व मुले या कामाला सर्वांत योग्य ठरत. मोजणी लक्षात ठेवण्यासाठी कडधान्याचे दाणे, चिकोरीचे तुकडे आणि कॉफीच्या बिया वेगवेगळ्या ठेवण्याची युक्ती पुढील काळातील ‘दाम ब्लांश’ या बेल्जियन जाळ्याच्या संदर्भात सांगितली जाते. ॲलिस जाळ्याकडे ती वळविणे बरोबर नाही. टेहळणीखेरीज तोफांच्या जागा व कोठारे हुडकणे आणि अडकलेल्या सैनिकांना सीमेपार काढणे हीही कामे चालत.

मिळालेली बातमी बेल्जियममधून तटस्थ हॉलंडमध्ये आणि तेथून समुद्रमार्गे फोकस्टनला जाई. चिठ्ठ्या अत्यंत पातळ कागदावर बारीक अक्षरात लिहून बुटाच्या टाचेत, छत्रीच्या दांड्यात, कपड्यांच्या शिवणीत दडवीत. मूस्क्रों येथील एका रसायनतज्ज्ञाच्या मदतीने मजकूर पारदर्शक पापुद्र्यावर उतरवून तो चष्म्याच्या काचेला चिकटविल्याचीही हकीकत आहे. पहिल्याच फेरीत लुईझने लीलच्या कुटुंबांचे शेकडो निरोप लिंबाच्या रसाने परकरावर लिहून नेले, ही कथा सर्वांत लोकप्रिय. तंत्र म्हणून तीत अशक्य काही नाही, कारण लिंबाच्या रसाचे अक्षर इस्त्रीच्या उष्णतेने तपकिरी उमटते. निरोपांची संख्या मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते.

खरी अडचण सीमेवर होती. बेल्जियम-हॉलंड सीमेवर जर्मनांनी १९१५ च्या वसंतापासून सु. ३०० किमी. लांबीचे विजेचे कुंपण घालण्यास सुरुवात केली, त्यात सु. २,००० व्होल्टचा प्रवाह सोडला जाई. त्या भागातील खेडुतांना विजेची ओळखच नव्हती, त्यामुळे अनेक जण केवळ हात लावून मेले. वाटाडे तारांमध्ये तळ काढलेले पिंप किंवा लाकडी चौकट सरकवीत आणि तिच्यातून माणूस पलीकडे जाई. लुईझच्या अनेक फेऱ्या हे कुंपण पुरे होण्याआधीच्या आहेत. उन्हाळ्यानंतर धोका वाढला तो यामुळेही.

या जाळ्यामुळे हजारावर ब्रिटिश सैनिकांचे प्राण वाचले, हे विधान पुष्कळ ठिकाणी आढळते. त्यामागील हिशेब कोणीच मांडलेला नसल्याने ते गौरवोद्गार म्हणून वाचावे. कैसर दुसरा विल्हेल्म लीलला येत असता त्याच्या गाडीची वेळ जाळ्याने कळविली आणि ब्रिटिश विमानांनी बाँब टाकले, पण नेम चुकला, ही हकीकतही तारखेविनाच सांगितली जाते.

व्हर्डनचा प्रश्न. १९१६ च्या आरंभी जर्मन सैन्य ईशान्य फ्रान्समधील व्हर्डन या किल्लेबंद शहरावर मोठा हल्ला करणार, असा इशारा लुईझने आपल्या अखेरच्या बातम्यांपैकी एकीत दिला होता आणि फ्रेंच सेनापतींनी त्यावर विश्वास ठेवला नाही, असे चरित्रांत व ज्ञानकोशांत वारंवार लिहिले जाते. यातील कालक्रम तपासण्याजोगा आहे. लुईझला अटक झाली २० ऑक्टोबर १९१५ रोजी. हल्ला सुरू झाला २१ फेब्रुवारी १९१६ रोजी. व्हर्डनची निवड जर्मन सेनाप्रमुख फाल्केनहाइन याने डिसेंबर १९१५ मध्ये केली, असे बहुतेक युद्धेतिहासकार मानतात. ज्या ‘नाताळच्या टिपणा’वर ही तारीख पूर्वी बेतली जाई, ते टिपण फाल्केनहाइनच्या युद्धोत्तर आठवणींखेरीज अन्यत्र सापडलेले नाही आणि त्याच्या खरेपणावर शंका घेतल्या गेल्या आहेत. पण टिपण बाजूला ठेवले तरी तयारीची आज्ञापत्रे डिसेंबरच्या मागे जात नाहीत. म्हणजे अटकेच्या वेळी जी योजना जर्मन मुख्यालयातच ठरली नव्हती, तिची बातमी लीलमध्ये मिळणे शक्य दिसत नाही. शिवाय व्हर्डन लीलपासून सरळ रेषेत सु. २३० किमी. दूर आहे, आणि तिकडे जाणारी बरीच सामग्री लीलच्या मार्गांवरून जाण्याचे कारण नव्हते.

दावा राखू पाहणारे दोन तोडगे सुचवितात. एक, बातमी सर्वसाधारण स्वरूपाची, पूर्वेकडील हालचालींविषयी होती आणि ‘व्हर्डन’ हे नाव मागाहून चिकटले. दुसरा, लुईझच्या अटकेनंतर जाळ्याच्या उरलेल्या लोकांनी हिवाळ्यात ती पाठविली आणि श्रेय संस्थापिकेकडे गेले. दुसरा पर्याय अधिक पटण्याजोगा आहे. ‘विश्वास ठेवला नाही’ हा भाग बहुधा वेगळ्याच घटनेतून आला असावा : व्हर्डनच्या किल्ल्यांतील तोफा काढून नेल्याची आणि संरक्षण दुबळे असल्याची तक्रार कर्नल एमिल द्रियां याने १९१५ मध्येच केली होती, ती सरसेनापती जोफ्रने झिडकारली, आणि हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी द्रियां मारला गेला. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये ही गोष्ट सर्वतोमुखी होती.

येथे साधनांविषयी सांगणे भाग आहे. लुईझच्या कामगिरीचे प्रचलित चित्र आंत्वान रेदिए याने १९२० च्या दशकात लिहिलेल्या चरित्रावर उभे आहे आणि त्याचा मुख्य आधार व्हानूतची साक्ष. पुढे तिने या चरित्रकाराशीच विवाह केला. साक्ष निष्ठावान मैत्रिणीची आहे. तिचे मोल मोठे, पण लुईझच्या अटकेपूर्वीच व्हानूत स्वतः तुरुंगात गेलेली असल्याने अखेरच्या आठवड्यांबाबत ती ऐकीव ठरते.

अटक आणि शेवट. २४ सप्टेंबर १९१५ रोजी ब्रसेल्समध्ये व्हानूत पकडली गेली. त्याच्या दोनच दिवस आधी लीलच्या किल्ल्याच्या तटाशी अडकलेल्या सैनिकांना मदत करणाऱ्या झाके गटातील चौघांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. १२ ऑक्टोबरला ब्रसेल्समध्ये कॅव्हलला मृत्युदंड झाला, आणि आठ दिवसांनी तूर्नेजवळील फ्रवायेन येथे लुईझ सापडली. १६ मार्च १९१६ रोजी ब्रसेल्सच्या लष्करी न्यायालयाने तिला मृत्युदंड सुनावला. व्हानूतला १५ वर्षे सक्तमजुरी झाली. लुईझची शिक्षा व्याप्त बेल्जियमचा जर्मन गव्हर्नर-जनरल फॉन बिसिंग याने जन्मठेप सक्तमजुरीवर आणली. कॅव्हल प्रकरणी तटस्थ देशांत झालेला गहजब हे त्याचे कारण असावे, असा कल दिसतो. मात्र बेल्जियन हेर गाब्रिएल पेती हिला त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ एप्रिल १९१६ रोजी, गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा हे स्पष्टीकरण सर्वस्वी पुरे पडत नाही.

बॉनजवळील झीगबुर्ख येथील स्त्रियांच्या तुरुंगात तिला ठेवले. तेथे कैद्यांकडून दारूगोळ्याचे भाग करवून घेतले जात होते. आपल्याच सैनिकांवर पडणाऱ्या बाँबना हात लावणार नाही म्हणून तिने नकार दिला आणि इतर बायकांनाही तसे करण्यास उठविले. जानेवारी १९१७ च्या अखेरीस तिला थंड अंधारकोठडीत टाकले. फुप्फुसावरणात पू होऊन शस्त्रक्रियेनंतर ती खंगली आणि कोलोनच्या एका इस्पितळात वारली. युद्धविराम तेव्हा ४५ दिवसांवर होता.

जोफ्रने २० एप्रिल १९१६ रोजी, ती कैदेत असतानाच, सैन्याच्या आज्ञापत्रात तिचा गौरव केला होता. लेजियाँ दॉनर हा फ्रान्सचा राष्ट्रीय किताब आणि ब्रिटिश सन्मान मरणोत्तर मिळाले. १९२० मध्ये तिचे अवशेष फ्रान्सला आणून लीलमध्ये लष्करी मानवंदना देण्यात आली व जन्मगावी दफन करण्यात आले. ‘उत्तरेची जोन ऑफ आर्क’ हे बिरुदही तेव्हाच्या धार्मिक वातावरणातले आहे. जोनला संतपद मिळाले ते त्याच वर्षी, मे महिन्यात. लीलच्या बुलव्हार कार्नोवरील स्मारक शिल्पकार माक्सिम रेआल देल सार्त याचे असून १३ नोव्हेंबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले. त्यात एक सैनिक गुडघे टेकून तिचा हात चुंबताना दाखविला आहे. कोलोनमधील तिच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस उत्तर फ्रान्समधील नोत्र-दाम-द-लोरेत येथील युद्धस्मारकात ठेवलेला आहे.