मुख्याध्यापकांचा दिवस कसा भरत गेला

ऐरोली-घणसोलीपासून शहापूर-मुरबाडपर्यंत कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा, दिवस कशात जातो. 'शिकवण्यात' हे उत्तर क्वचितच मिळेल.

१९९५ साली पोषण आहार योजना आली, तेव्हा मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं जेवण शाळेत आलं. मुलांसाठी ही फार मोलाची गोष्ट झाली. पण धान्यसाठा, चव नोंदवही, रोजची लाभार्थीसंख्या हे सगळं मुख्याध्यापकांकडे आलं. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, इतिवृत्तं वाढली. मग यू-डायस (देशभरातल्या शाळांच्या माहितीची नोंद), सरल (राज्याचं शाळा-विद्यार्थी माहितीचं पोर्टल), आधार पडताळणी. संचमान्यता, म्हणजे विद्यार्थीसंख्येवरून शाळेला मिळणारी शिक्षकपदं, आधारवर ठरू लागल्यावर एका मुलाची नोंद अडली, तरी शिक्षकाचं पद जाईल की काय ही धास्ती.

शिक्षण हक्क कायद्यानुसारच पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. छोट्या शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडेच प्रभार, शिवाय स्वतःचा वर्ग, आणि हाताशी लिपिक नाही. फळ्यावर भागाकार अर्धा सोडवलेला असतो आणि केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर मेसेज येतो: 'तात्काळ, दुपारी दोनपर्यंत.' माहिती काहीच नसली तरी 'निरंक' कळवावं लागतं. डबा उघडायला चार वाजतात. रक्तदाबाची गोळी जेवणानंतरची असेल, तर तीही चारलाच.

कामाचा बोजा मोठा आणि स्वतःच्या वेळेवर ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वाधिक ताण देते, अशी मांडणी कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच केली होती. ऑस्ट्रेलियात संशोधक फिलिप रायली यांनी २०११ पासून मुख्याध्यापकांच्या आरोग्याची पाहणी सुरू केली. तिथेही ताणाची मुख्य कारणं दोनच निघाली: कामाचा ढीग, आणि अध्यापनाकडे लक्ष द्यायला वेळ नसणं. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असतो, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण माहिती भरणं हे शाळेचंच काम मानलं जातं, त्यामुळे ते या कलमात अडत नाही. एकदा पोर्टलवर भरलेली माहिती पुन्हा वेगळ्या तक्त्यात मागू नका, एवढा एक आदेश जरी निघाला आणि पाळला गेला, तरी दुपारचा डबा वेळेवर उघडेल.