जॅझ वादकाचा परिचय कसा वाचावा: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कार्यक्रमाच्या प्रस्तावासोबत आम्ही प्रत्येक वादकाचा एक पानी परिचय पाठवतो. त्यात बँडची, शहरांची आणि माणसांची नावे एकापाठोपाठ येतात. जॅझशी रोजचा संबंध नसलेल्या वाचकाला ती सगळी सारख्याच वजनाची वाटतात. मग नजर फोटोवर आणि पुरस्कारांवर थांबते आणि निवड तिथेच होऊन जाते. अशी निवड पुष्कळदा फसते. वादक उत्तमच असतो, पण त्या कार्यक्रमाला हवा तसला नसतो. कोणत्या ओळीला किती महत्त्व द्यायचे आणि कोणती ओळ सरळ ओलांडून पुढे जायचे, ते पुढे सांगितले आहे.

आधी पाहा: कोणाच्या बँडमध्ये, किती काळ

जॅझचा वादक घडतो तो दुसऱ्याच्या बँडमध्ये. ज्याच्या नावावर बँड चालतो तो लीडर, बाकीचे साइडमन. साइडमन म्हणजे दुय्यम कलाकार, असा समज करून घेऊ नका. लुई आर्मस्ट्राँग मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर फेट मॅरेबल यांच्या बँडमध्ये वाजवत होते. 1922 साली ते शिकागोला किंग ऑलिव्हर यांच्याकडे दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे आखूड वाद्य) वाजवायला गेले, 1924 साली न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडमध्ये दाखल झाले आणि 1925 साली त्यांनी स्वतःच्या हॉट फाइव्ह या संचाची ध्वनिमुद्रणे सुरू केली. जॉन कोल्ट्रेन यांचा रस्ता आणखी लांबचा: अमेरिकी नौदलाचा बँड, मग डिझी गिलेस्पी, 1954 साली जॉनी हॉजेस, 1955 पासून माइल्स डेव्हिस, 1957 साली थेलोनियस मंक. स्वतःची चौकडी त्यांनी 1960 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी उभी केली.

ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांचा जॅझ मेसेंजर्स हा बँड 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1990 पर्यंत चालला. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, विंटन मार्सालिस हे सगळे तिथे तयार होऊन बाहेर पडले. अशा बँडमध्ये दोन वर्षे काढलेल्या माणसाला सोलो (एकट्याचे वादन) कुठे थांबवायचा, दुसऱ्याच्या सोलोमागे किती कमी वाजवायचे, श्रोते कंटाळले की पुढचे गाणे कोणते घ्यायचे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणून 'एका बँडमध्ये तीन वर्षे' ही एक ओळ आम्हाला दहा मोठ्या नावांच्या यादीपेक्षा भारी वाटते.

क्रियापद नीट वाचा

परिचयातली नावे खरी असतात. नात्याचे वर्णन मात्र सैल असते.

'यांच्या बँडचे सदस्य' आणि पुढे साल ते साल, ही सगळ्यात भक्कम नोंद. 'यांच्यासोबत ध्वनिमुद्रण' ही तपासता येते, कारण अल्बमवर वादकांची नावे छापलेली असतात. त्या अल्बमच्या किती तुकड्यांवर तो वादक आहे तेवढे पाहा. 'यांच्यासोबत वाजवले' यात वर्षभराचा दौरा असू शकतो, तसेच मध्यरात्रीच्या जॅम सेशनमधली, म्हणजे जमलेल्या वादकांनी तयारीशिवाय केलेल्या वादनातली, दोन गाणीही असू शकतात. 'यांच्याबरोबर एका मंचावर' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की महोत्सव एक होता आणि वेळा वेगळ्या होत्या. 'यांच्याकडे शिक्षण' या ओळीमागे चार वर्षांची तालीम असेल किंवा दोन तासांची कार्यशाळा.

आम्ही प्रत्येक वादकाला या नोंदींची सालं विचारतो आणि मिळाली की कंसात लिहितो. कंस नसेल तर ती ओळ वाचा, पण तिच्यावर निर्णय टेकवू नका.

आणखी एक खूण आहे. स्वतःच्या नावाचा अल्बम आज कोणालाही काढता येतो. चार वेगवेगळ्या लीडरनी आपापल्या अल्बमवर एकाच बासवादकाला बोलावले असेल, तर त्याच्याविषयी सहकाऱ्यांचे मत काय आहे ते आपोआप कळते. एकाच लीडरने पुन्हा पुन्हा बोलावले असेल तर त्याहून चांगले.

पदवी असली तर, नसली तर

बर्कली ही बॉस्टनची संगीतसंस्था 1945 साली सुरू झाली. उत्तर टेक्ससच्या विद्यापीठाने जॅझची पदवी 1947 साली सुरू केली. त्याआधी शिक्षण व्हायचे ते चर्चमध्ये, शाळेच्या बँडमध्ये, लष्करी बँडमध्ये आणि नाचाच्या वाद्यवृंदात. आजच्या बहुतेक तरुण वादकांकडे पदवी असते. तिचा अर्थ असा घ्या: हा माणूस लिहिलेले संगीत वाचू शकतो, कानाने स्वरसंगती ओळखतो, एकच गाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवू शकतो. समोरच्या श्रोत्यांना दोन तास धरून ठेवेल की नाही, हे पदवी सांगत नाही.

उलट बाजूने, एरोल गार्नर आणि वेस माँटगोमेरी यांना संगीत लिहिता-वाचता येत नव्हते. माँटगोमेरी दिवसा कारखान्यात काम करून रात्री इंडियानापोलिसच्या क्लबांत गिटार वाजवत. रॉन कार्टर यांनी ईस्टमन स्कूल या संगीत विद्यालयातून 1959 साली पदवी घेतली आणि पुढे 2200 हून अधिक ध्वनिमुद्रणांवर बास वाजवला. माइल्स डेव्हिस 1944 साली न्यूयॉर्कच्या जुलियर्ड या संगीत विद्यालयात दाखल झाले आणि शिक्षण अर्धवट सोडून चार्ली पार्कर यांच्या संचात गेले. थोडक्यात, या ओळीवरून थोर-सामान्य ठरवता येत नाही.

तुमच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या कार्यक्रमात लिहिलेले संगीत आहे का? पाहुण्या गायकाची स्वतःची स्वरलिपी, नृत्याला साथ, समारंभाचे ठरलेले गीत असे काही असेल तर समोर ठेवलेला कागद पहिल्याच वेळी वाचून वाजवणारे वादक लागतात. ती क्षमता पदवीपेक्षा 'स्टुडिओ', 'थिएटरचा वाद्यवृंद' आणि 'बिग बँड' या शब्दांत सापडते. अशा कामात चुकणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. तुमच्याकडे कागद नसेल आणि बैठक मोकळी असेल, तर कानाने वाजवणारा वादकही तितकाच योग्य.

'अरेंजर', म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारा, हा शब्द दिसला तर थांबून वाचा. मेरी लू विल्यम्स पियानोवादक होत्या, पण अँडी कर्क यांच्या बँडचा बाज त्यांच्या लेखणीने घडवला. पुढे बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठीही त्यांनी लिहिले. सात जणांचे संगीत चार जणांत बसवायचे असेल, किंवा भाषण लांबल्याने गाणे निम्मे करायचे असेल, तर असा एक माणूस संचात असल्याचा फार उपयोग होतो.

विखुरलेली कामे आणि रिकामी वर्षे

परिचयात शिकवणी, जहाजावरचा वाद्यवृंद, जाहिरातींचे संगीत, लग्नसमारंभ असे सगळे एकत्र दिसले की काही ग्राहकांना शंका येते, की हा पूर्णवेळचा कलाकार आहे ना? आहे. जॅझची उपजीविका अशीच चालते आणि नामवंतांचीही अशीच चालली आहे. काउंट बेसी आणि एलिंग्टन यांच्या बँडमधून आलेले ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी 1960 साली एनबीसी वाहिनीच्या पगारी वाद्यवृंदात गेले. या विविध कामांतूनच वेळ पाळणे आणि कोणत्याही गायकामागे चटकन जुळवून घेणे अंगवळणी पडते.

मधली दोन-तीन वर्षे कोरी दिसली तर वादकाला नाकारण्याआधी आम्हाला विचारा. सनी रोलिन्स 1959 ते 1961 या काळात कार्यक्रमांपासून दूर राहून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करत होते. थेलोनियस मंक 1951 ते 1957 न्यूयॉर्कच्या क्लबांत दिसत नाहीत, कारण पोलिसांनी दिलेले कॅबरे कार्ड त्यांच्याकडून काढून घेतले होते. मद्य विकले जाते तिथे वाजवायला ते कार्ड लागे आणि ही पद्धत 1967 पर्यंत टिकली. त्या वर्षांतही मंक रचना करत होते, ध्वनिमुद्रण करत होते. ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन वाजवणाऱ्यांच्या बाबतीत ओठ किंवा दातांची दुखापत हे नेहमीचे कारण. दात बदलला की फुंकेची जागा नव्याने बसवावी लागते आणि त्याला महिने लागतात.

'संगीतकार' किंवा 'स्वतःच्या रचना' असा उल्लेख असेल तर त्या किती, हे आधी ठरवून घ्या. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणे लागले की मानधन रचनाकाराला मिळते, वादकाला मिळत नाही. त्यामुळे वादक स्वतः रचना करतात, आणि जुन्या गाण्याच्या स्वरसंगतीवर नवी धून बांधण्याची प्रथाही जुनी आहे. मैफलीत हे ऐकायला आनंद होतो. पण ओळखीची गाणी ऐकायला आलेल्या पाहुण्यांसमोर अख्खा सेट (मध्यंतरापर्यंतचा भाग) नव्या रचनांचा झाला तर ते अर्ध्यात उठतात. दोष वादकाचा नसतो, ठरवताना बोलणे झालेले नसते.

पार्श्वभूमी आणि तुमचा कार्यक्रम

नाचायचे असेल तर स्विंग (नाचासाठीची जुनी जॅझशैली) किंवा नृत्यबँडची पार्श्वभूमी शोधा. जोडीने नाचणाऱ्यांना मिनिटाला साधारण 120 ते 180 ठोके सोयीचे पडतात. बीबॉप या वेगवान, ऐकण्यासाठीच्या शैलीत मुरलेला संच सहज 250 च्या वर जातो आणि नाचणारे बाजूला उभे राहून ऐकू लागतात.

जेवणाच्या वेळी गप्पा चालणार असतील तर पियानो किंवा गिटार, बास आणि ड्रम असे तिघे पुरेत. ड्रमवादक काठ्यांऐवजी ब्रशने, म्हणजे बारीक तारांच्या कुंच्याने, हळू वाजवणारा असावा. 'ब्रश' हा शब्द परिचयात क्वचित सापडतो, तेव्हा गायकांना साथ केल्याची नोंद पाहा. ज्याने गायकामागे वर्षे काढली त्याचा हात हलका असतो.

बिग बँड म्हणजे बहुधा पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रोम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम: एकूण सतरा. यात सगळेच कागद वाचणारे लागतात. सॅक्सोफोनवाल्यांच्या नावापुढे क्लॅरिनेट किंवा बासरीही लिहिलेली असेल तर उत्तम, कारण बऱ्याच रचनांत मधेच वाद्य बदलावे लागते.

गायिका असेल तर तिची पट्टी आधी कळायला हवी. छापील स्वरलिपीतली पट्टी स्त्री-आवाजाला पुष्कळदा उंच पडते, गाणे चार-पाच स्वर खाली आणावे लागते. त्यात वाद्यागणिक कागद वेगळा. पियानोचा सा वाजवायचा तर ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनला लिहायचा रे, आल्टोला लिहायचा ध. आयत्या वेळी सगळ्यांना पियानोची एकच प्रत दिली, की पहिल्या गाण्यात सूर भांडू लागतात. म्हणून गाण्यांची यादी, पट्टी आणि तुम्हाला हवे त्या ढंगाचे एक ध्वनिमुद्रण निदान दोन आठवडे आधी आमच्याकडे द्या.

ट्रम्पेटवादकाला सलग दीड तास वाजवायला सांगू नका. ओठांचे स्नायू थकले की वरचे स्वर निसटतात आणि ते विश्रांतीखेरीज परत येत नाहीत. 45 ते 50 मिनिटांचा सेट आणि मध्ये 15 ते 20 मिनिटे, हे सगळ्याच संचांना मानवते.

ध्वनिमुद्रण ऐकताना

परिचयासोबत आम्ही दोन तुकडे पाठवतो: एक मध्यम लयीचा, एक संथ. दोन्ही प्रत्यक्ष कार्यक्रमातले आणि न कापलेले. स्टुडिओत चूक पुसता येते, म्हणून स्टुडिओचा तुकडा आम्ही या कामासाठी धरत नाही.

मध्यम लयीचा तुकडा मोजत ऐका. बरीच गाणी 32 मात्रागटांची असतात, प्रत्येक गटात चार ठोके, म्हणजे एका आवर्तनाला 128 ठोके. मिनिटाला 160 च्या लयीत ते 48 सेकंदांत संपते. सोलो एखाद्या आवर्तनाच्या शेवटी नेटका उतरतो का, आणि त्याच क्षणी ड्रम आणि पियानोला ते कळलेले असते का, इकडे कान ठेवा. उतरताना गोंधळ ऐकू आला तर बहुधा तो संच त्या दिवसापुरता जमवलेला असतो. संथ तुकडा जास्त बोलका आहे. तिथे वेगाच्या आड लपता येत नाही. स्वर शेवटपर्यंत धरलेला ऐकू येतो आणि लय नकळत पुढे सरकते की जागच्या जागी राहते तेही समजते.

बदली वादक

चांगल्या वादकाला एकाच तारखेची तीन बोलावणी येतात. आजारपणही असते. म्हणून करारात प्रत्येक मुख्य वादकापुढे एका बदली वादकाचे नाव असते आणि त्याचाही परिचय तुम्हाला मिळतो. तो तितक्याच काळजीने वाचा. सोलो वाजवणारा बदलला तर कार्यक्रम निभावतो. बास किंवा ड्रम बदलला तर सगळ्या संचाच्या पायाखालची जमीन बदलते, त्यामुळे या दोन जागांवर आम्ही त्याच संचाबरोबर आधी वाजवलेल्या माणसाचेच नाव देतो. तसे नाव मिळाले नाही तर दुपारी एक तासाची तालीम धरलेली असते. तेवढा तास मंच मोकळा ठेवा.

परिचय वाचून झाल्यावर आम्हाला एवढे कळवा: ऐकणारे बसलेले असतील, जेवत असतील की नाचत असतील, लिहिलेले संगीत आहे का, गाणारे कोणी आहे का आणि कोणत्या पट्टीत, जागेवर पियानो आहे का आणि तो कार्यक्रमाच्या दिवशी सुरात लावून घेता येईल का. उत्तरे आली की पहिल्या यादीतली दोन-तीन नावे आम्ही बहुतेक वेळा बदलतो आणि नवे परिचय पाठवतो.