कोटीपोटातील हायड्रोजन आणि मिथेनचा प्रश्न

कडबा, गव्हाचे काड किंवा उसाचे वाढे यांतील सेल्युलोज पचवणारी विकरे (एन्झाइम) गायी-म्हशींच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाहीत. ते काम त्यांच्या कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव करतात. मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो, त्याचे तापमान 39 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असते आणि तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी जिवाणू, आदिजीव (प्रोटोझोआ) आणि बुरशी चाऱ्याचे किण्वन करतात व त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि जनावराला लागणारी बहुतांश ऊर्जा त्यांच्यापासूनच मिळते.

मिथेनचा प्रश्न सुरू होतो तो या आम्लांच्या प्रमाणापासून. ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्ल तयार होताना हायड्रोजन सुटतो, तर प्रोपिऑनिक आम्ल तयार होताना तो खर्ची पडतो. वाळलेल्या, तंतुमय वैरणीवर ॲसिटिक आम्लाचा वाटा मोठा असल्यामुळे हायड्रोजनही अधिक सुटतो. तो साचत राहिला, तर किण्वनच मंदावते. येथे आर्किया या, जिवाणूंहून वेगळ्या, एकपेशीय गटातील मिथेनजनक सूक्ष्मजीव कामाला येतात. ते हायड्रोजनचे चार आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेऊन मिथेनचा एक रेणू बनवतात. हा मिथेन मुख्यतः ढेकरेवाटे, म्हणजे तोंडा-नाकातून बाहेर पडतो. तो शेपटीकडून जातो, हा समज चुकीचा आहे. आहारातील एकूण ऊर्जेपैकी 2 ते 12 टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट आहे, मात्र वातावरणात तो जेमतेम 12 वर्षे टिकतो. त्याचे उत्सर्जन आज घटवले, तर त्याचा परिणाम याच पिढीला दिसेल.

मिथेन घटवण्यासाठी आहारात मिसळल्या जाणाऱ्या पूरक घटकांकडे मी हायड्रोजनच्या अंगाने पाहतो, कारण मिथेन रोखल्यावर त्या हायड्रोजनचे काय होते, यावरच त्या घटकाची खरी किंमत ठरते. अशा घटकाची पहिली परीक्षा बहुधा प्रयोगशाळेत होते. सकाळच्या चाऱ्यापूर्वी कोटीपोटातील द्रव काढून तो मलमलीच्या कापडातून गाळतात, कृत्रिम लाळेसारख्या द्रावणात मिसळतात आणि दळलेल्या चाऱ्यासह काचेच्या पिचकाऱ्यांमध्ये 39 अंशांवर ठेवतात. वायू तयार होऊ लागला की दट्ट्या हळूहळू वर सरकतो. 24 तासांनी वायूचे आकारमान आणि त्यातील मिथेन मोजतात. या चाचणीत चमकणारे अनेक पदार्थ प्रत्यक्ष जनावरात मात्र फिके पडतात, कारण तेथील सूक्ष्मजीव काही आठवड्यांत नव्या पदार्थाशी जुळवून घेतात.

जनावरांतही टिकून राहिलेला एक पदार्थ म्हणजे 3-नायट्रॉक्सिप्रोपॅनॉल. मिथेन तयार होण्याच्या अखेरच्या टप्प्यावर निकेलयुक्त सहघटक असलेले एक विकर काम करते. हा छोटा रेणू त्या विकराच्या क्रियास्थानात बसतो आणि तेथील निकेलचे ऑक्सिडीकरण करून ते बंद पाडतो. कोरड्या आहारामागे किलोला सुमारे 60 मिलिग्रॅम एवढ्या मात्रेत दुधाळ गायींचा मिथेन साधारण 30 टक्क्यांनी घटतो. युरोपीय संघाने त्याला 2022 मध्ये आणि अमेरिकेने 2024 मध्ये मान्यता दिली. ॲस्परागॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ त्याहून प्रभावी आहे. त्यातील ब्रोमोफॉर्म या ब्रोमिनयुक्त रसायनामुळे ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्नियातील मांसल गोऱ्ह्यांवरील काही प्रयोगांत मिथेन 80 टक्क्यांहून अधिक घटला. पण ब्रोमोफॉर्म दुधात उतरण्याची शक्यता आणि काही प्रयोगांत कमी झालेले खाणे, या दोन्ही बाबी मला दुर्लक्षिण्याजोग्या वाटत नाहीत. शिवाय या दोन्ही उपायांत अडलेल्या हायड्रोजनपैकी काही भाग ढेकरेतून तसाच निघून जातो, त्यामुळे वाचलेली सगळी ऊर्जा दुधात उतरेल ही अपेक्षा फोल ठरते.

आहारात मिसळलेले नायट्रेट हायड्रोजनला मिथेनऐवजी दुसरी वाट देते, पण त्यातून तयार होणारे नायट्राइट रक्तात साचले तर विषबाधा होते. तेल-चरबीचाही उपयोग होतो, परंतु आहारात तिचे प्रमाण 6-7 टक्क्यांपलीकडे गेले की तंतूंचे पचन बिघडते.

भारतात बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया विज्ञान संस्थेने टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केले असून त्याने मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी घटतो, असे संस्थेने म्हटले आहे. टॅनिनमुळे आदिजीवांची आणि त्यांना चिकटून राहणाऱ्या मिथेनजनकांची संख्या घटते. मात्र टॅनिन प्रथिनांनाही बांधून ठेवते, त्यामुळे ज्या गोठ्यात मुळातच प्रथिनांची कमतरता आहे, तेथे मात्रेची चूक महागात पडेल.

आपल्याकडची खरी अडचण खाऊ घालण्याच्या पद्धतीत आहे. 3-नायट्रॉक्सिप्रोपॅनॉल कोटीपोटात काही तासांतच विघटित होते. युरोपातील मोठ्या गोठ्यांत सगळा आहार एकत्र मिसळून दिवसभर समोर असल्यामुळे प्रत्येक घासाबरोबर ते पोटात जाते. आपल्या गोठ्यात सुग्रास किंवा सरकी पेंडीचे आंबोण सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी मिळते आणि मधल्या वेळात जनावर कडबाकुट्टी खाते किंवा चरायला जाते. म्हणजे ज्या तासांत तंतूंचे किण्वन जोरात चालते, त्या तासांत पूरक घटक संपलेला असतो. त्यातच आहारात तंतू जितके अधिक, तितका या पदार्थाचा परिणाम कमी होतो, हेही प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून सावकाश विरघळणाऱ्या मात्रांवर आणि कडबा-वाढ्यांच्या आहारावर येथील गायी-म्हशींत चाचण्या व्हायला हव्यात. तोवर शेतकऱ्याच्या हाती असलेला भरवशाचा मार्ग म्हणजे संतुलित आहार: वैरणीला हिरवा चारा, पुरेशी पेंड आणि खनिज मिश्रण यांची जोड मिळाली की तेच जनावर अधिक दूध देते आणि दर लिटरमागे मिथेन कमी सुटतो.