२००० ओहम ते ३२ ओहम

इंदूरला रामबागेत आमच्याकडे रविवारी दोन-चार कानसेन जमतात. गेल्या महिन्यात उस्ताद अमीर खाँचा विलंबित ख्याल लावला होता. मी घरी जोडलेल्या हेडफोन अँपवर ३०० ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) हेडफोनमध्ये डग्गा कसा भरदार घुमत होता! भाच्याने त्याचा ३२ ओहमचा हेडफोन लावला आणि डग्गा फुसका. "मामा, आयसी बदला," तो म्हणाला, म्हणजे अँपमधली आवाज वाढवणारी चिप. हल्ली ज्याच्या-त्याच्या तोंडी हेच औषध असतं.

पूर्वी हेडफोन चढ्या ओहमचेच असत. १९६८ चा सेनहायझर एचडी ४१४ तब्बल २००० ओहमचा. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांच्या, अँपला ते मानवायचं. व्हॉल्व्ह व्होल्टेज सढळ हाताने देतो, करंट मात्र मोजूनमापून. स्टुडिओतले ६०० ओहम टेलिफोनच्या लाइनीवरून आले. मग १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट. त्यावर ६०० ओहम कसे हलणार? हेडफोन तिशीच्या घरात उतरले आणि दोन घराणी झाली.

दोघांच्या मागण्या उलट्या. २५ मिलिवॅट द्यायचे तर ६०० ओहमला जवळपास ३.९ व्होल्ट लागतात, करंट जेमतेम साडेसहा मिलिअँपिअर. ३२ ओहमला ०.९ व्होल्ट पुरतात, करंट मात्र २८. म्हणून पहिल्यासाठी सप्लायचं व्होल्टेज आणि गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) वाढवायचा, दुसऱ्यासाठी गेन उतरवून (नाहीतर हिस, म्हणजे मागची सरसर, ऐकू येते) जास्त करंट देणारी आयसी घ्यायची. नव्वदीच्या अखेरीस चू मॉय यांचा खिशातला अँप गाजला, तेव्हापासून ऑप-अँप (अँपमधली हीच आयसी) उपटून दुसरा बसवायचा नाद लागला. २०११ च्या 'ओ-टू' अँपमध्ये मात्र आउटपुटला साधा, स्वस्त ४५५६ ऑप-अँप आहे, त्याच्या करंटसाठी. मला ही निवड पटते.

आउटपुटचा रेझिस्टरही जुन्या काळाचा वारसा. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात अँपचा आउटपुट १२० ओहम धरला होता. हेडफोनचा ओहम सगळ्या सुरांना सारखा नसतो. ३०० चा खर्जात ५०० वर गेला, तर या १२० मुळे खर्ज साधारण एक डेसिबल चढतो. त्यालाच लोक 'व्हॉल्व्हचा गोडवा' म्हणून डोक्यावर घेतात. सगळा नाही, पण बराचसा गोडवा या रेझिस्टरचाच.

आमचा डग्गा आयसीने खाल्लाच नव्हता. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर होता. कॅपॅसिटर खालचे सूर अडवतो, आणि हेडफोनचा ओहम जितका कमी तितका जास्त. ३०० ओहमवर तो ५ हर्ट्झपर्यंत वाट देतो, ३२ ओहमवर ५० हर्ट्झलाच निम्मी ताकद अडवतो. जुने सोल्डरचे डाग काढून ४७० चा बसवला, अडसर ११ हर्ट्झच्या खाली गेला. डग्गा परत आला. नवा कॅपॅसिटर उंच निघाल्याने डब्याचं झाकण तेवढं लागत नाही.