बंदिस्त मंगळावर सरकत गेलेला दिवस

‘पृथ्वीवरच एका घरात कोंडून घेऊन मंगळाचा कसला अभ्यास होणार?’ मंगळमोहिमेच्या सरावाची बातमी आली की हा प्रश्न हमखास येतो. गुरुत्वाकर्षण तर इथलंच असतं, किरणोत्सारही नसतो. हे खरंच आहे, पण अशा तळावर यानाची नाही, माणसाची परीक्षा असते.

मॉस्कोतल्या ‘मार्स-५००’ या सरावाचंच बघा. ३ जून २०१० रोजी सहा पुरुष आत गेले आणि ४ नोव्हेंबर २०११ रोजी, ५२० दिवसांनी, बाहेर आले. आत एकही खिडकी नव्हती. रोजच्या तपासण्या, प्रयोग, व्यायाम, साफसफाई, ठरलेलं जेवण हाच दिनक्रम. प्रवासाच्या मधल्या टप्प्यात नियंत्रणकक्षाशी होणारा संवादही मुद्दाम काही मिनिटं उशिराने पोहोचवला जाई. फेब्रुवारी २०११ मध्ये तिघं जण अवकाशपोशाख चढवून नकली मंगळाच्या वाळूवर ‘उतरले’, तेवढाच बदल.

या सहाही जणांच्या मनगटावर हालचाल टिपणारं छोटं यंत्र होतं. त्याच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. महिने उलटत गेले तशी एकूण हालचाल मंदावली, झोप आणि आराम वाढला. एकाचा दिवस तर २५ तासांचा झाला. रोज एक तास उशीर म्हणजे बारा दिवसांत त्याची रात्र इतरांच्या दुपारी!

असं का व्हावं? मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे. तेच आपलं मुख्य घड्याळ. त्या पेशींत ‘पिरियड’ नावाच्या जनुकावरून प्रथिन तयार होतं, हळूहळू साठतं, रात्री ‘क्रिप्टोक्रोम’ या जोडीदारासह पेशीकेंद्रकात शिरतं आणि स्वतःच्याच जनुकाचं काम थांबवतं. मग जुनं प्रथिन विघटित होतं, लगाम सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. या यंत्रणेचा उलगडा फळमाशीत करणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसात या चक्राला सरासरी २४ तास आणि १०-१२ मिनिटं लागतात, म्हणजे मुळातच हे घड्याळ जरा मागे पडणारं. ते रोज लावून घ्यायचं काम प्रकाश करतो. दृष्टिपटलातल्या मोजक्या पेशींत मेलानॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य असतं. ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि थेट त्या पुंजक्याला खबर पोहोचवतं. पहाटेचा प्रकाश चक्र पुढे ओढतो, संध्याकाळचा मागे ढकलतो. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचं एकक) प्रकाश असतो, खोलीतल्या दिव्यांखाली जेमतेम काहीशे. खिडकी नसलेल्या घरात घड्याळाला दटावणारं कुणी उरत नाही, आणि ज्याचं मुळात जास्त संथ, ते भरकटतं.

आता मंगळाचा दिवस बघा : २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद. पत्रिकेतल्या मंगळापायी आपल्याकडे आजही ठरलेली लग्नं मोडतात, याची मनापासून चीड येते. त्या ग्रहाची माणसाला होणारी खरी अडचण ही ३९ मिनिटं आहेत, आणि ती मोजता येते, तिच्यावर उपायही करता येतो. २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यान मंगळावर असताना पृथ्वीवरच्या चमूतले काही जण मंगळाच्या वेळेनुसार कामावर येत होते. त्यांना निळ्या प्रकाशाचे दिवे देण्यात आले आणि बहुतेकांची शरीरं त्या लांबलेल्या दिवसाशी जुळली.

इथे एक गंमत लक्षात घ्या. झोपण्याआधी मोबाइलचा निळा प्रकाश नको, असं आपल्याला सांगतात, कारण त्याने घड्याळ मागे पडतं. मंगळावर मात्र, त्याची मुळातली १०-१२ मिनिटं सोडली तरी, ते रोज आणखी जवळपास अर्धा तास मागे पडायलाच हवं. त्यामुळे तिथल्या घरात प्रखर निळसर दिवे लावायचे ते नेमके संध्याकाळी.