नागपुरात बिअर बनवायची तर आधी थंडीचा हिशोब करा

३० मे २०२४ ला नागपुरात ५६ डिग्री झाल्याचा मेसेज फिरला होता तो आठवत असेल तुम्हाला, माझ्याकडे एका दिवसात चार ग्रुपवर आला. रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक स्टेशनचा आकडा होता तो, आणि सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं, पण ते काही कोणी फॉरवर्ड केलं नाही. नागपूरचा खरा विक्रम ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. मशीनला घाम फोडायला तेवढं भरपूर आहे, त्यावर आणखी आठ डिग्री चढवायची गरजच नाही.

त्याच आठवड्यात भाचा घरी आला. इतकी वर्षं पुण्यात नोकरी केली, आता इकडे रेस्टॉरंटला जोडून छोटी ब्रुअरी टाकायची म्हणतो, एका वेळी ५०० लिटरची, एक्साईजचे कागद चालू आहेत. "मामा, सगळे कोटेशन पाहून राहिलो मी, तुम्ही एकदा नजर टाका ना." माझं आयुष्य कळमन्याच्या बाजूला मिरचीच्या अन् संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजला मशिनी लावण्यात गेलं, बिअरमधलं मला काही कळत नव्हतं, उष्णता मात्र कळते. कोटेशन पाहिलं तर पहिली तीन पानं चकचकीत तांब्याच्या केटलची, म्हणजे काढा उकळायच्या भांड्याची, आणि शेवटच्या पानावर खाली एक ओळ, "चिलर, १ नग", म्हणजे थंड करणारं मशीन. कितीचा, कुठल्या तापमानाला, काहीच नाही.

बहुतेक लोकांचा हाच समज असतो की ब्रुअरी म्हणजे ती मोठी केटल. केटलचं काम तसं सोपं आहे. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, ते भरडायचं, ६५ ते ६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचं की माल्टमधलीच एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करतात, मग गाळायचं, हॉप्स नावाची कडवट फुलं टाकून तासभर उकळायचं. हा जो गोड काढा तयार होतो त्याला वॉर्ट म्हणतात, तो थंड करून फर्मेंटर नावाच्या टाकीत यीस्ट टाकून आंबवला की बिअर. त्यासाठी ३०४ ग्रेडच्या स्टीलची दोन भांडी, एक भरडणी, एक पंप आणि चांगलं वेल्डिंग, बस. तांब्याचं म्हणाल तर पूर्वी ते वापरत कारण तांबं स्टीलपेक्षा पंचवीसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं आणि वॉर्टमधली गंधकाची वास मारणारी संयुगं धरून ठेवतं, हे खरं रसायनशास्त्र आहे. पण आजच्या बहुतेक केटलवर नुसता बाहेरून पत्रा चढवलेला असतो, वॉर्टला तो शिवतही नाही. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने सगळे रोग जातात असं सांगणारेही आहेत, त्यांच्यासारखंच हे, पैसे फक्त चकाकीचे. दीड फूट तांब्याचा पाइप लाइनमध्ये टाकला तरी गंधकाचं काम होतं.

बिअरचा खरा प्रश्न थंडीचा आहे, अन् तो आजचा नाही. बव्हेरियात १५५३ मध्ये हुकूम निघाला होता की २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर बनवायची, उन्हाळ्यात बंद, कारण उन्हाळ्याची बिअर नासायची आणि का नासते ते कोणाला माहीत नव्हतं. इंग्रजांनी इकडे आल्यावर ब्रुअऱ्या टाकल्या त्या कसौली, मरीसारख्या थंड डोंगरांवर. मग १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे नावाच्या इंजिनिअरने म्यूनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत आपलं रेफ्रिजरेशनचं मशीन चालवून पाहिलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ज्या मशिनींवर माझं घर चाललं त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत ब्रुअरीवालेच होते. आणि उष्णता ज्या एककात मोजतो तो ज्यूल ज्याच्या नावावरून आलाय तो जेम्स ज्यूलसुद्धा इंग्लंडमधल्या एका ब्रुअरीवाल्याचाच मुलगा.

तर आता ज्यूलमध्येच हिशोब करू. ५०० लिटर मध्यम गोडीच्या वॉर्टमध्ये साधारण ६० किलो विरघळलेला माल असतो, त्यातली चाळीसेक किलो साखर यीस्ट खातं आणि दारू, कार्बन डायऑक्साइड अन् उष्णता बाहेर टाकतं. किलोमागे जवळपास ५९० किलोज्यूल, म्हणजे एकूण २४ मेगाज्यूल. ही उष्णता बाहेर काढलीच नाही तर टाकी ११ डिग्रीने तापेल, २० वरून ३१ वर. आणि तापलं की यीस्ट आणखी जोरात काम करतं, त्याने आणखी तापतं, असं ते वाढत जातं. गरम झालेलं यीस्ट जड अल्कोहोलं बनवतं ज्यांना थिनरसारखा वास येतो, ती नंतर काढता येत नाहीत. म्हणून एल प्रकारची बिअर १८ ते २० ला आणि लागर १० ते १२ ला धरून ठेवावी लागते.

पण गंमत पहा, यीस्ट ऐन जोरात असताना ही उष्णता दोनशे वॅटच्या आसपासच असते. एवढ्या टाकीची बाहेरची पृष्ठं चारेक चौरस मीटर भरतात, बाहेर ४५ आणि आत १९ असताना उघड्या स्टीलमधून आत शिरणारी उष्णता जवळपास हजार वॅट. म्हणजे नागपुरात यीस्टपेक्षा हवाच टाकीला पाचपट तापवते! तीन-चार इंच पफचं, म्हणजे कडक फोमचं, इन्शुलेशन घातलं की तेच हजार वॅट तीस-पस्तीसवर येतात. लाइट गेली तर पफवाली टाकी तासाला अर्धी डिग्रीसुद्धा चढत नाही, उघडी जवळपास दोन डिग्री चढते. कोटेशनमध्ये "सिंगल वॉल फर्मेंटर, स्वस्त" असा एक पर्याय होता तो मी पेनाने काट मारून खोडला.

आता माझ्या आवडीच्या यंत्राकडे येतो, याच्यावर थोडं जास्त लिहिणार आहे.

उकळलेलं वॉर्ट ९५ डिग्रीवर असतं आणि यीस्ट टाकायला ते १८ वर हवं, तेही पाऊण तासात. घाई यासाठी की मधल्या कोमट पट्ट्यात, ५० ते २० च्या दरम्यान, बॅक्टेरिया मजेत वाढतात, आणि वॉर्ट गरम असेपर्यंत माल्टमधल्या एका पदार्थापासून डायमिथाइल सल्फाइड बनत राहतं ज्याला उकडलेल्या मक्याचा वास येतो. फुटाळा तलावावर पावसात भुट्टा खाताना मक्याचा वास छान, बिअरमध्ये नाही. तर ५०० लिटर, ७७ डिग्री, ४५ मिनिटं, गुणाकार करा, जवळपास ६० किलोवॅट होतात. घरचा दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे असे अकरा एसी पाऊण तासासाठी. एवढं मशीन कोणी घेत नाही, घ्यायचंही नसतं.

इथे प्लेट हीट एक्सचेंजर येतो. लाटा दाबलेले स्टीलचे पातळ पत्रे एकामागे एक गॅस्केट लावून आवळलेले असतात, एका फटीतून वॉर्ट, शेजारच्या फटीतून पाणी, मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर स्टील. समजा ९५ चं वॉर्ट आणि ३० चं पाणी, दोन्ही सारख्याच वेगाने, एकाच दिशेने सोडलं. एक निवत जाणार, दुसरं तापत जाणार, आणि दोघं साडेबासष्टवर येऊन बरोबरीत थांबणार. पत्रे कितीही वाढवा, पुढे काही होत नाही कारण फरकच उरला नाही, अन् फरक नाही तिथे उष्णता वाहत नाही.

आता पाणी उलट दिशेने सोडा. जिथून गरम वॉर्ट आत येतं तिथून पाणी बाहेर पडतं, जिथून निवलेलं वॉर्ट बाहेर पडतं तिथून ताजं थंड पाणी आत येतं. आता प्रत्येक जागी वॉर्टला आपल्यापेक्षा तीन-चार डिग्रीच थंड असं पाणी भेटतं, ९५ ला ९१ चं, ७० ला ६६ चं, ३४ ला ३० चं. फरक छोटा पण कुठेच संपत नाही, पूर्ण लांबीभर उष्णता वाहत राहते. शेवटी वॉर्ट ३४ ला बाहेर आणि पाणी ९१ ला. म्हणजे थंड होणारी वस्तू तापणाऱ्या वस्तूच्या शेवटच्या तापमानापेक्षाही खूप खाली गेली, पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा मला खरंच वाटेना, कागदावर तीनदा मांडून पाहिलं होतं. पाणी तेच, पत्रे तेच, फक्त दिशा उलटी. आणि ते ९१ चं पाणी फेकायचं नाही, झाकणाच्या टाकीत भरून पुढच्या बॅचला वापरायचं, गॅस वाचतो.

हेच निसर्गात बदकाच्या पायात आहे. हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर पाहुणी बदकं येतात ना, त्यांच्या पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं थंड रक्त असंच चिकटून उलट दिशेने वाहतं, म्हणून बर्फासारख्या पाण्यात उभं राहूनही अंगातली ऊब पायावाटे निघून जात नाही.

तर ६० पैकी ४७-४८ किलोवॅट साध्या पाण्याने गेले. पाणी मात्र जमिनीखालच्या टाकीचं घ्यायचं, ते मे महिन्यातही तिशीच्या आसपास राहतं, गच्चीवरच्या प्लास्टिक टाकीचं दुपारी चाळिशीच्या वर जातं, त्याने वॉर्ट ४४-४५ च्या खाली येणारच नाही. राहिले ३४ ते १८, पाऊण तासात बारा किलोवॅट, साडेतीन टन. इथे व्हेंडर साडेतीन टनाचा चिलर विकतो आणि तो वर्षभर रिकामा बसतो, कारण हे काम आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचं आहे. त्यापेक्षा ६०० लिटरची पफवाली टाकी घ्या, रात्रभर छोट्या चिलरने पाणी ४ डिग्रीला आणून ठेवा, सकाळी एक्सचेंजरच्या दुसऱ्या भागातून ते फिरवा, ४ चं पाणी १७ होतं आणि वॉर्ट १८ ला येतं. तेच पाणी रात्रभर परत थंड करायला सरासरी पाऊण किलोवॅट लागतो, पाव टनाच्याही आत. फर्मेंटर वगैरे धरून भाच्याला दोन टनात भागतं, त्यातही एका टनाचे दोन घ्या असं मी सांगितलं, एक बंद पडला तर बिअर वाचते.

दोन टन म्हणजे कुठल्या तापमानाला, हे मात्र विचारायचंच. कॅटलॉगमधला आकडा बहुतेक वेळा बाहेर ३५ डिग्री धरून दिलेला असतो, ग्लायकोल, म्हणजे टाक्या थंड ठेवायला फिरवतात ते न गोठणारं द्रावण, उणे चारवर हवं असेल तर तो आणखी घटतो. गरम देशांसाठी टी३ नावाचं रेटिंग असतं, ४६ डिग्रीचं, तो आकडा लिहून मागा. नाहीतर मे महिन्यात दुपारी तीनला हाय प्रेशर कटआउट पडतो आणि मशीन ट्रिप होऊन बसतं.

भाच्याच्या पार्टनरला चिलर कुठे ठेवायचा ते वास्तूवाल्याला विचारायचं होतं. दिशा महत्त्वाची आहेच, पण कारण सूर्य आहे. पश्चिमेच्या भिंतीला लावला तर संध्याकाळपर्यंत भिंत तव्यासारखी तापते, आणि कोनाड्यात कोंबला तर आपलीच फेकलेली गरम हवा परत ओढतो. उत्तरेला, सावलीत, चारी बाजूंनी मोकळा ठेवा, कोणाला दक्षिणा द्यायची गरज नाही.

आणि नागपूरकराला जे मशीन जन्मापासून माहीत आहे ते इथे कामाला येतं, कूलर. ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रतेत ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर २४ दाखवतो, म्हणून खसाच्या जाळीतून येणारी हवा २८-२९ पर्यंत उतरते. तशीच ओली जाळी काँडेन्सरच्या, म्हणजे चिलर जिथून उष्णता बाहेर फेकतो त्या भागाच्या समोर, थोडं अंतर सोडून उभी करा, चिलरला मे महिन्यात पुण्याची हवा मिळते. जुलैत हवा दमट झाली की आपला कूलर चिकचिक करतो पण चिलरला त्याने फरक पडत नाही, कारण तेव्हा बाहेरचीच हवा तिशीची असते. काँडेन्सरवर थेट पाणी मात्र उडवू नका, बोअरच्या पाण्याचा क्षार दोन महिन्यांत त्याच्या पातळ पत्र्यांमधल्या फटी बुजवतो.

शेवटी एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यात महत्त्वाची. आर्किटेक्टचं म्हणणं होतं की फर्मेंटर बेसमेंटमध्ये ठेवा, तिथे मे महिन्यातही ३२ असतं. उष्णतेच्या माणसाला हे ऐकायला गोड वाटलं, मी हो म्हणणारच होतो. पण चाळीस किलो साखरेतून वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अकरा हजार लिटर वायू, एका टाकीतून, हवेपेक्षा दीडपट जड. आपल्याकडे विहीर साफ करायला उतरलेला माणूस वर आला नाही, त्याला काढायला गेलेला दुसराही गेला, अशी बातमी येते, आणि गावात म्हणतात विहिरीने बळी घेतला, मग नारळ फोडतात. बळी कोंडलेल्या वायूने घेतलेला असतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, दिव्याची ज्योत विझायच्या आधीही तो माणसाला पाडू शकतो, म्हणून कंदील सोडून पाहण्यावरही विसंबू नये. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा टक्के झाला की काही मिनिटांत शुद्ध जाते.

मग मी वहीत मांडून पाहिलं की पफवाल्या टाकीला बेसमेंटमध्ये ठेवून वाचतात किती. बाहेर तेहतीस वॅट, खाली सोळा, टाकीमागे सतरा वॅटचा फायदा, एका एलईडी ट्यूबएवढा. फर्मेंटर वरच राहिले, जमिनीलगत एक्झॉस्ट पंखा लागला, आणि गुडघ्याच्या उंचीवर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर, तो भाच्याने कोटेशनमध्ये स्वतःच्या हाताने सगळ्यात वर लिहिला.